टोकं कोण लपवायचं?

सासू : तरी पण जाण्याआधी एवढं सांगून जा, मी तुझं काय घोडं मारलं?

सून : कुणी कुणाचं घोडं मारलेलं नाही. जरा उठता का? माझ्या निळ्या पिशवीवर बसलाय तुम्ही.

सासू : मला काय दिसतंय मी कशावर बसले ते! घे, ओढ. हाताला धरून उठवू नकोस, उठते मी माझी.

सून : उठवत नव्हते. पिशवी ओढत होते.

सासू : हो, तेही खरंच. मला उठवायची तुला काय पडलीय आता. अगं, माझा पोरगा गेला तेव्हाच तू निघून गेली असतीस ना, तर मला कळलं असतं. दुःखात बाई माहेरी जाते. पण इतके महिने राहिलीस. माझी औषधं आणलीस, मला दोन वेळचं करून वाढलंस. आणि आज जेवताना सांगतेस, संध्याकाळी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. असं अचानक काय झालं?

सून : अचानक नाही, आई. वाट बघत होते.

सासू : कशाची?

सून : जाऊ दे ना. सांगून काय होणार? तुमच्या मनात नाही, माझ्याही मनात आता राहिलेलं नाही. वन्संशी मी बोललेय. त्या तुम्हाला त्यांच्याकडे घेऊन जातील.

सासू : लेकीकडे! तिच्या घरी माझा पलंग पॅसेजमध्ये असतो. येणारा-जाणारा माझ्या पायांना अडखळतो आणि वर मलाच विचारतो, लागलं का म्हणून. आणि माझ्या मनात नाही, हे कुणी सांगितलं तुला?

सून : तुम्हीच.

सासू : मी? कधी?

सून : तोंडानं नाही. तोंडानं तुम्ही कधी काही सांगितलंय का मला? ती खिडकीखालची टोपली बघा.

सासू : तुझी लोकरीची टोपली. बघितली. मग?

सून : वर काय आहे?

सासू : पांघरूण दिसतंय. हिरवं का निळं ते विचारू नकोस.

सून : हात लावा. उलट्या बाजूला.

सासू : अगं बाई, हे काय लोंबतंय? मागं नुसत्या झिपऱ्या झिपऱ्या!

सून : टोकं आहेत ती. लोकरीची टोकं. हे गेल्यानंतर मी हातात घेतलेलं पहिलं पांघरूण. विणून कधीच झालंय. रोज टोपलीत ठेवते, रोज उठून बघते. टोकं तशीच.

सासू : तशीच असणार. ती काय उठून चालायला लागणार आहेत?

सून : बघा, कसं बोलता! मग इतकी वर्षं कुठं जायची?

सासू : काय कुठं जायचं?

सून : आई, आता नाटक नको. तुम्ही कधी बोलला नाहीत, मीही कधी बोलले नाही. पाळलं आपण दोघींनी. पण आता मी निघालेच आहे, तर बोलून मोकळी होते. माझी टोकं तुम्ही लपवायचात. गुपचूप. मी विणलेलं टोपलीत टाकायचे आणि एक-दोन दिवसांत सगळी टोकं आत गेलेली असायची. हे गेले, आणि तुम्ही ते बंद केलंत. मी समजायचं ते समजले. मुलगा होता तोवर सून. मुलगा गेला, सून संपली.

सासू : थांब, थांब जरा. मला बसू दे. मी काय लपवायचे म्हणालीस?

सून : टोकं!

सासू : कसली टोकं? नीट सांग. मला त्या विणकामातलं ओ का ठो कळत नाही.

सून : कळत नाही! बरं, चला, सांगते. लोकरीचा गुंडा संपला की नवा जोडावा लागतो. रंग बदलायचा असला तरी जोडावा लागतो. शेवटचा टाका अर्धा ठेवायचा, सुईवर नवी लोकर घ्यायची आणि तिनंच तो टाका पुरा करायचा. पुढून जोड कुठं आहे ते कुणाला सांगता येत नाही. पण मागं दोन टोकं लोंबत राहतात, एक जुन्याचं, एक नव्याचं. ती नुसती कापून टाकली तर पहिल्या धुण्यात सगळं उसवतं. म्हणून एकेक टोक बोथट सुईत ओवायचं आणि टाक्यांच्या पोटातून फिरवून आत घ्यायचं. पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण असलं की टोकंच टोकं. मला विणायला बसवा, जेवणखाण विसरून विणते. पण टोकं म्हटली की माझ्या कपाळाला आठ्या. हे तुम्हाला माहीत आहे.

सासू : मला एवढंच माहीत आहे की नवी नवरी असताना तू मला एक शाल विणून दिलीस, आणि तिच्या मागंही हे असलंच जंजाळ होतं.

सून : आणि चार माणसांत तुम्ही म्हणालात, पुढून शाल, मागून झाडू.

सासू : म्हणाले असेन. माझी जीभ तेव्हा तरुण होती.

सून : मी आत जाऊन पिशवी भरली होती त्या दिवशी. अशीच. ह्यांना म्हटलं, सकाळी मी चालले, मला ह्या बाईबरोबर राहायचं नाही. आणि सकाळी उठून बघते तर शाल घडी घालून माझ्या उशाशी ठेवलेली. उलटी करून पाहिली, एक टोक नाही! अशी सफाई की माझ्या शिकवणीच्या बाईंनी पाठ थोपटली असती. मी तिथंच रडले. म्हटलं, ही बाई तोंडानं माफी मागणार नाही, पण जागून हे करून ठेवलं हिनं. माणूस वाईट नाही. आणि पिशवी रिकामी केली.

सासू : मी जागून? अगं, मी तर ढाराढूर झोपले होते!

सून : आई!

सासू : गेलेल्या लेकराची शपथ घेऊन सांगते, मी तुझ्या शालीला हात लावला नाही. मला वाटलं, मी बोलले ते तुला झोंबलं आणि तूच ती नीट केलीस. मनात म्हटलं, पोरगी गुणाची आहे, ऐकते.

सून : शपथ कशाला घेता? तुम्ही नाही तर कोण?

सासू : ते मला काय विचारतेस? माझ्या कपड्यांची बटणं कोण लावतं, सांग बरं.

सून : खालचा शिंपी. मला वाटायचं तुम्हाला कंटाळा आहे.

सासू : कंटाळा नाही बाई, डोळे! जवळचं मला कधी धड दिसलंच नाही. सुईत दोरा ओवायला मी लग्नाआधीसुद्धा शेजारणीकडे जायचे. मी तुझी एवढी टोकं लपवणार? मला एक सापडलं नसतं.

सून : ही सुई धरा. ही लोकर. ओवा.

सासू : परीक्षा घेतेस? आण. एवढी जाड सुई, हिला काय लागतंय! हे बघ. हे नेढं ना?

सून : ते टोक आहे, आई. नेढं वरच्या बाजूला असतं.

सासू : बघ मग.

सून : म्हणजे तुम्ही खरंच नाही?

सासू : किती वेळा सांगू?

सून : मला बसू दे. मग ते सगळं कुणी केलं? शेजारच्या ताईंचं लाल पांघरूण, दुकानात दिलेल्या त्या टोप्या, बाळांची दुपटी? हवेतून झालं का हे?

सासू : माझी लेक येऊन-जाऊन असायची.

सून : वन्सं? त्या स्वतः प्यायलेला कप विसळत नाहीत.

सासू : तेही खरंच. पण थांब, मघाशी तू काय म्हणालीस? मी बंद केलं म्हणालीस?

सून : हो.

सासू : कमाल आहे. मी म्हणत होते, तू बंद केलंस.

सून : मी काय बंद केलं?

सासू : माझा चष्मा.

सून : तुमच्या चष्म्याचं काय?

सासू : आता तू नाटक करू नकोस. मी झोपताना चष्मा काढून कुठंही टाकते. काचांना बोटं लागलेली, तेल लागलेलं. सकाळी उठले की तो उशाजवळ असायचा. पुसून लख्ख, दांड्या मिटलेल्या, काचा वर. जाऊबाई येऊन राहिल्या होत्या तेव्हा त्यांना दाखवला होता मी. म्हटलं, बघा, माझी सून बोलत नाही फारसं, पण करते. तो गेला आणि तेव्हापासून चष्मा मी टाकला तिथंच आणि तसाच. मी म्हटलं, संपलं. ही आता माझं तोंड बघायची नाही. आणि मीही हट्टाला पेटले. पुसलाच नाही. बघू तरी किती दिवस अंत बघते!

सून : म्हणून तुम्हाला काही दिसत नाही? आई! मी तुमच्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती!

सासू : डोळे आहेत तेवढेच आहेत. काच बघ.

सून : ही काच आहे का भिंत? अहो, पण मी तुमच्या चष्म्याला जन्मात हात लावलेला नाही.

सासू : काय?

सून : कधीच नाही. तो तुम्ही कुठं ठेवता तेही मला माहीत नाही.

सासू : अगं, असं कसं? तू नाहीस? मग मला कधी बोलली का नाहीस?

सून : काय बोलू? जे मी करत नाही ते करत नाही म्हणून सांगत फिरू? तुम्हीच मला का विचारलं नाहीत?

सासू : विचारणार होते. एकदा तर पार तुझ्या दारापर्यंत आले होते, चार शब्द चांगले बोलावेत म्हणून. पोरग्यानं अडवलं. म्हणाला, तिला बोलू नकोस. बोलून दाखवलं की ती संकोचते. बोललीस तर बंद करेल.

सून : काय म्हणालात?

सासू : बोललीस तर बंद करेल.

सून : परत म्हणा.

सासू : कानात बोळे घातलेत का? बोललीस तर बंद...

सून : मला हेच म्हणाले होते ते! ह्याच शब्दांत! मी म्हटलं होतं, मी आईंना जाऊन सांगते की मला किती बरं वाटतं. तर म्हणाले, आईला बोलू नकोस. तिला संकोच होतो. बोललीस तर बंद करेल.

सासू : तुला पण?

सून : अगदी हेच.

सासू : मेला लबाड! अगं आई गं. काय बोलून गेले मी!

सून : असू द्या.

सासू : माझी जीभ झडो.

सून : असू द्या म्हटलं ना. आई, पण म्हणजे काय? ह्यांनी केलं? ह्यांनी? अहो, शर्टाचं वरचं बटण त्यांना लागायचं नाही, मी लावून द्यायचे. हात बघितले होते ना तुम्ही त्यांचे? पाना धरून धरून बोटं अशी जाड झालेली. चष्मा एक वेळ समजू शकते. पण सुई?

सासू : लहानपणी त्याला पाटीवर सरळ रेघ ओढता यायची नाही.

सून : तुमच्या खांद्यावरची ती शाल द्या इकडे. तीच ना ही, पहिली?

सासू : तीच. जपून हं.

सून : इथं बघा. नाही, तुम्हाला नाही दिसणार. बोट ठेवा. हे टोक एका टाक्यावरून गेलंय, दुसऱ्याच्या खालून, परत वरून. मग उलट फिरून तसंच मागं आलंय. मला शिकवलं होतं ते असं नाही. आमच्या बाई टोक नुसतं टाक्यांच्या पोटातून ओढायच्या. मी कितीदा म्हटलंय मनात, आईंना हे कुणी शिकवलं? एकदाही सुटलं नाही हो ह्यातलं एक.

सासू : दिवसा पांघरूण टोपलीत असायचं का?

सून : नसायचं. मला वाटायचं तुम्ही तुमच्या खोलीत नेलंय, दार लावून करताय. मी मुद्दाम तिकडे फिरकायचे नाही.

सासू : मी दार लावून झोपलेली असायचे.

सून : थांबा. ह्यांच्या कामावरच्या भाऊजींना फोन लावते. लिफ्ट दुरुस्तीला हे दोघं नेहमी जोडीनंच जायचे. एकानं शिंक दिली तर दुसऱ्याला माहीत. तेच सांगतील.

(फोन स्पीकरवर. पलीकडे वारा आणि यंत्राची घरघर.)

जोडीदार : बोला वहिनी. आवाज येतोय ना? मी गच्चीवर आहे, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. मोठ्यानं बोला.

सून : भाऊजी, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?

जोडीदार : असं का म्हणता? खोटं बोलण्यासारखं काय केलं मी?

सून : हे कामावर लोकरीचं काही घेऊन यायचे का?

जोडीदार : थांबा वहिनी, दार ओढून घेतो.

सून : भाऊजी?

जोडीदार : आहे, आहे. ऐकतोय. कुणी सांगितलं तुम्हाला?

सासू : म्हणजे खरं आहे!

जोडीदार : काकूपण आहेत का तिथं? मेलो. दोघी एकत्र आहात?

सासू : दोघी एकत्र आहोत आणि दोघींना चक्कर यायची बाकी आहे. बोल लवकर.

जोडीदार : काकू, मला तोंडाला कुलूप लावायला सांगितलं होतं त्यानं. पण आता कुणासाठी लावू? हो. आणायचा. डब्याच्या पिशवीत खाली लोकर, वर डबा. आमचं काम कसं असतं माहीतेय ना? लिफ्ट उघडायची, बिघाड शोधायचा, आणि मग पार्ट येईपर्यंत तासन्‌तास बसायचं. मी मोबाईल बघत पडायचो. तो खाली जाऊन साबणानं हात धुऊन यायचा. कोपरापर्यंत. मांडीवर कोरं फडकं अंथरायचा आणि बसायचा सुई घेऊन. ग्रीसचा डाग पडला तर मेलो म्हणायचा.

सून : हात धुऊन? घरी मला ओरडावं लागायचं हो, हात धुवा म्हणून!

जोडीदार : इथं दिवसातून दहादा धुवायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एवढा हसलो की वॉचमन वर आला. तो काही चिडला नाही. म्हणाला, हस, पण उजेड अडवू नकोस.

सून : पण शिकले कुठं?

जोडीदार : शिकायचं काय? लिफ्टच्या कामात यायच्या आधी तो बंदरावर दोरांच्या कामाला नव्हता का! जाड दोराचं टोक उसवू नये म्हणून त्याचे पेड सुटे करतात आणि त्याच दोरात उलटे ओवतात. एकावरून, एकाखालून, मग उलट. म्हणायचा, हे तेच आहे रे, फक्त दोर मऊ आहे.

सून : एकावरून, एकाखालून.

सासू : बरोबर बोट ठेवलं होतंस तू.

सून : पण का, भाऊजी? मला सांगितलं असतं तर मी काय नको म्हणाले असते?

जोडीदार : त्याचं असं झालं वहिनी. तुमच्या दोघींचं कशावरून तरी वाजलं होतं, अगदी सुरवातीला. तुम्ही पिशवी भरलीत. ह्याला काही सुचेना. बोलायला जीभ नाही, ते तर तुम्हाला माहीतच आहे. शाल समोर पडलेली, भांडण त्या टोकांवरून. तर हा बसला आणि ती आत घेतली. सकाळी तुम्हाला सांगणारच होता. तर तुम्हीच रडत आलात आणि म्हणालात, आईंनी केलं बघा.

सून : मी म्हणाले.

जोडीदार : हा गप्प बसला. मग चष्म्याचंही तसंच. काकूंनीच ठरवलं की सूनबाई पुसते. मी त्याला हजारदा म्हटलं, सांगून टाक की! तर म्हणायचा, वेडा आहेस का तू? दोघींना वाटतंय दुसरी चांगली आहे. वाटू दे. मी चांगला आहे हे कळून कुणाचं काय भलं होणार?

सासू : असं म्हणाला?

जोडीदार : ह्याच शब्दांत. आणि म्हणायचा, रिटायर झालो की सांगणार. तेव्हा दोघी मिळून मला बडवतील, आणि तेवढ्यासाठी तरी एक होतील.

सून : आई, पाणी देऊ का?

सासू : नको. ऐकू दे.

सून : भाऊजी, एक पिवळं दुपटं होतं. ऑर्डरचं. हे गेले तेव्हापासून सापडत नाही. मी घर पालथं घातलं. माझ्या मनात नाही नाही ते आलं, आईंनी कुणाला देऊन टाकलं असेल म्हणून. शेवटी गिऱ्हाइकाला दुसरं विणून दिलं.

जोडीदार : ते माझ्याकडे आहे.

सून : तुमच्याकडे?

जोडीदार : त्याच्या पिशवीत. पिशवी माझ्या लॉकरमध्ये आहे. आणून द्यायचा धीर झाला नाही, वहिनी. दर आठवड्याला म्हणतो, आज नेऊ.

सून : म्हणजे त्या दिवशी ते...? तुम्ही तर मला म्हणालात की काम करताना गेले.

जोडीदार : काम करतानाच गेला. तुमचं.

सून : काय बोलताय तुम्ही?

जोडीदार : मोटरचा पार्ट यायचा होता. तो खिडकीपाशी बसला होता, पाठीला भिंत. दुपटं मांडीवर. मी पलीकडे माझ्या पोराच्या ॲडमिशनचं सांगत होतो. बराच वेळ बोललो. तो मान खाली घालून बसलेला. मला वाटलं, टोक घेतोय. टोक घेताना तो हूं की चूं करायचा नाही. मी बोलतच राहिलो, वहिनी. पार्ट घेऊन पोरं वर आली तेव्हा हाक मारली.

सासू : देवा!

जोडीदार : सुई त्याच्या बोटांतच होती. मी काढून घेतली. डॉक्टर यायच्या आधी सगळं गुंडाळून पिशवीत घातलं. म्हटलं, त्यानं जन्मभर झाकलं, मी आता चारचौघांत कशाला उघडं करू? चुकलं का माझं?

सून : नाही. नाही हो.

जोडीदार : थोडीच टोकं राहिली आहेत त्यावर. मी मोजली नाहीत. बघवत नाही. आणून देऊ का? उद्या सकाळी येऊ? तुम्ही घरी आहात ना?

सून : मी... तुम्हाला कळवते, भाऊजी.

जोडीदार : बरं. काकूंना सांभाळा. ठेवतो, खालून हाका मारतायत.

सासू : ठेवला का त्यानं?

सून : ठेवला.

सासू : माझी शाल दे इकडे.

सून : घ्या.

सासू : मला वाटलं होतं, ज्या दिवशी तो गेला त्या दिवशी जे व्हायचं ते होऊन गेलं. आता आणखी काय धक्का बसणार? आणि आज हे. मांडीवर दुपटं घेऊन! माझा एवढा धिप्पाड पोरगा!

सून : शेजारी झोपणाऱ्या माणसाचं मला काही माहीत नव्हतं. काही म्हणजे काही नाही.

सासू : रडून घे.

सून : रडू येत नाहीये. कुणी तोंडात मारल्यासारखं झालंय.

सासू : म्हणजे बघ हं. मी हिशेब लावतेय मघापासून. तू माझ्यासाठी काहीच केलं नव्हतंस.

सून : नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी?

सासू : काही नाही. झाडू म्हणाले, तेवढंच.

सून : इतकी वर्षं आपल्या दोघींच्या मधे काही नव्हतंच?

सासू : तो होता.

सून : तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तुमच्या खाटेशी बसून राहिले. वन्सं म्हणाल्या, नर्स ठेवू. मी म्हटलं, नर्स कशाला, मी आहे. कारण माझ्या डोक्यात, ही बाई न बोलता माझी टोकं लपवते.

सासू : आणि मी माझ्या पोटच्या लेकीशी भांडले. ती तुला तुसडी म्हणाली म्हणून. म्हटलं, तिच्याबद्दल एक शब्द बोलायचं काम नाही, तू माझ्या चष्म्याला कधी हात लावलास का?

सून : तुम्ही भांडलात? माझ्यासाठी?

सासू : भांडले म्हणजे? तो पॅसेजमधला पलंग काय उगाच मिळाला मला? त्याआधी चांगली खोली होती.

सून : हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

सासू : कोण सांगणार? बोलायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं.

सून : फोन वाजतोय. भाऊ आहे. निघाला असेल.

सासू : उचल मग.

सून : काय सांगू त्याला?

सासू : ते मी कसं सांगणार? मी कोण तुला अडवणार? माझ्या खात्यावर तर काहीच निघालं नाही. उचल, ताटकळेल तो. नाही, थांब. उचलू नकोस एवढ्यात.

सून : वाजून वाजून बंद होईल, आई.

सासू : होऊ दे. मला जरा वेळ दे. मला सवय नाही ह्याची. जाऊ नकोस.

सून : काय म्हणालात?

सासू : ऐकलंस तू.

सून : ऐकलं. पण आता मला कशाचीच खात्री वाटत नाही हो. हे तुम्हीच म्हणताय ना? का हेही त्यांनीच तुम्हाला सांगून ठेवलं होतं?

सासू : नाही गं. हे माझं आहे.